शाळेची बंद पडलेली परसबाग पुन्हा उभी करायची आहे, पावसाआधी काय काय उरकू?

मन्या_काळाचौकी

नमस्कार मंडळी. आमच्या चाळीमागे पालिकेची शाळा आहे. एकाच इमारतीत तीन माध्यमं, दोन अधिवेशनं, म्हणजे सकाळ-दुपारच्या पाळ्या. सातवीपर्यंत मी तिथेच शिकलो. इमारत आणि मागची कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक लांबट पट्टा आहे, अंदाजे ४० फूट लांब आणि १५ फूट रुंद. आमच्या वेळी तिथे बाग होती: जास्वंद, तगर, एक पेरू, आणि कार्यानुभवाच्या तासाला बाई आमच्याकडून वांगी लावून घ्यायच्या. आता गंजलेली पाटी तेवढी उरली आहे. मोडके बाक, इमारतीच्या दुरुस्तीचं डेब्रिज, एक फुटकी टाकी आणि सुबाभळीचं रान. भिंतीच्या पायाशी घुशींनी अशी बिळं केली आहेत की माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

सुट्टी लागायच्या आधी मोठ्या बाईंना भेटलो होतो. त्या म्हणाल्या, जरूर करा, पण शाळेकडे पैसे नाहीत आणि शिपाई एकच आहे. आमच्या मंडळाची दहा-बारा पोरं तयार आहेत. सहावी-सातवीच्या मुलांना विचारायचीही गरज नाही, ती आत्तापासूनच भिंतीवर चढून बघतायत. चाळीतल्या दोघी-तिघी काकूही "आम्ही येऊ" म्हणाल्या आहेत.

शाळा १५ जूनच्या आसपास उघडेल. तोवर जागा साफ करून ठेवायचा विचार आहे. पहिल्या पावसात काय लावू? माती कुठून आणू? सुबाभूळ तोडली तर चालेल का? घुशींचं काय करू? आणि एका भाऊंनी सगळा खर्च करतो म्हणून सांगितलंय, फक्त फाटकावर त्यांचा बॅनर लागेल. घ्यावेत का पैसे?

खवट_परळकर

५ जूनला खड्डा, रोप, फोटो. १५ ऑगस्टला गवत. आमच्या समोरच्या शाळेत हे दरवर्षी होतं, खड्डासुद्धा तोच असतो, फक्त रोप नवीन. तुमचा उत्साह मोडायचा नाहीये, पण बॅनरवाल्या भाऊंना आधी विचारा, दिवाळीनंतर पाणी घालायला कोण येणार?

निवृत्त_बाई_प्रभादेवी

मन्या, वयाने लहानच असशील, म्हणून अरेतुरे करते. मी पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि परसबाग हे खातं माझ्या गळ्यात जवळजवळ पूर्ण नोकरीभर होतं. काय लावू, हा प्रश्न सगळे विचारतात. माझा तुला उलटा प्रश्न आहे. आज, या घडीला, त्या मागच्या फाटकाची चावी कोणाकडे आहे? आत्ता मे महिना आहे, म्हणजे अगदी योग्य वेळी विचारतेय. जाऊन बघ. आत शिरता आलं का, नळाला पाणी आहे का, किती वाजता येतं, सुरक्षारक्षक दोन्ही पाळ्यांचे तुला ओळखतात का. शाळेची बाग पावसाअभावी मरत नाही की उन्हाने मरत नाही, ती कुलपामागे मरते. एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपतात, शिक्षक पेपर तपासणी, निवडणूक, जनगणना यांतल्या कुठल्यातरी कामाला जुंपलेले असतात किंवा गावाला जातात, आणि नेमक्या त्याच सहा आठवड्यांत तलावांची पातळी खाली गेल्यावर पालिका पाणीकपात लावते. जूनमध्ये परत येऊन बघावं तर काटक्या.

म्हणून पहिलं काम कागदाचं. एका इमारतीत तीन शाळा आहेत म्हणतोस, तर एक 'इमारत प्रमुख' असेल. फक्त तुझ्या ओळखीच्या मोठ्या बाईंचा होकार पुरणार नाही, इमारत प्रमुखांचं पत्र हवं. शिक्षण हक्काच्या कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. तिच्या सभेत विषय मांडून इतिवृत्तात नोंदवून घे. मोठ्या बाईंची बदली झाली की तोंडी परवानगी त्यांच्यासोबत जाते, इतिवृत्त कपाटात राहतं. त्याच ठरावात लिहून घे की सुट्टीत मागच्या फाटकाची एक चावी अमुक दोन व्यक्तींकडे राहील. नावानिशी. एक समितीतला पालक आणि एक तुमच्या चाळीतली बाई. मंडळाच्या पोरांकडे चावी देऊ नकोस, राग मानू नकोस. पोरं चांगली असतात, पण चावी क्रिकेटच्या चेंडूबरोबर सगळीकडे फिरते.

दुसरं, काकू. "आम्ही येऊ" याला काही अर्थ नाही. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी, तसे झाडांचे वार लाव. सातही वारांना घर ठरलेलं हवं. ज्या घराचा वार त्या घराने पाणी घालायचं आणि अळूची पानं किंवा मिरच्या, जे काही तयार असेल ते त्या दिवशी घरी न्यायचं. फुकटात कोणी फार दिवस येत नाही, आणि का यावं? माझ्या शाळेत गुरुवारवाली शेजारीण सगळ्यांत चोख होती, कारण गुरुवारी तिला दत्ताला जास्वंद लागायची.

तिसरं, मंडळाचं पंचांग बघ. तुझी पोरं गोविंदा पथकात असणारच. गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला की संध्याकाळी एकही हाताला लागायचा नाही, पुढे गणपती, आणि अनंत चतुर्दशीपर्यंत विषय संपला. म्हणजे दगडधोंडे उचलायचं, बाक हलवायचं, वाफे बांधायचं जड काम गुरुपौर्णिमेच्या आत उरक. मधले दोन-अडीच महिने मुलं आणि काकू सांभाळतील. विसर्जनानंतर पोरांना पुन्हा बोलव आणि येताना मंडपाचे जुने वासे, काथ्या, सुतळी घेऊन या म्हणावं. वेलांच्या मांडवाला याहून चांगलं सामान विकतही मिळत नाही.

सुबाभूळ तोडू नकोस. म्हणजे आपल्या हाताने तोडू नकोस. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे आणि शाळेच्या आवारातलं झाड असलं तरी पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, फांद्या छाटायच्या असल्या तरीही. तुमचा एफ दक्षिण विभाग. अर्ज इमारत प्रमुखांच्या सहीने जाऊ दे, मंडळाच्या लेटरहेडवर नको. उत्तराला वेळ लागतो, तोपर्यंत त्या झाडांखाली हळद लावून टाक. तिला थोडी सावली चालते. जूनमध्ये गड्डे लावलेस की नागपंचमीला पानं हाताशी येतील, आणि पातोळ्यांसाठी हळदीची पानं म्हटलं की काळाचौकीतली अर्धी चाळ फाटकाशी उभी राहील. बॅनरपेक्षा ही जाहिरात बरी.

बॅनरवाल्यांचे पैसे नको. उद्या दुसरे भाऊ येतील, मग पाटी कोणाची यावर भांडण, आणि झाडं बाजूला. वस्तू घे. दोन गमबूटचे जोड द्या, एक पाइप द्या, असं म्हण. पाइपवर नाव लिहायचं असेल तर लिहू दे बापडे.

लावायचं काय ते थोडक्यात. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस ११ जूनला येतो. जुलैच्या झडीत पालेभाजीची कोवळी रोपं झोपतात, ती नारळी पौर्णिमेनंतर. आधी भेंडी, अळू, हळद, आणि मांडवावर पडवळ आणि काकडी. पडवळ नक्की लाव. कोवळं पडवळ वाकडं व्हायला लागलं की त्याच्या टोकाला सुतळीने छोटा दगड बांधायचा, म्हणजे ते सरळ लांब येतं. माझ्या वर्गातला एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, रोज मधल्या सुट्टीत पट्टी घेऊन आपलं पडवळ मोजायचा आणि मला येऊन आकडा सांगायचा. दशांश चिन्हासकट. गणिताच्या बाईंना मी तेव्हा काही बोलले नाही.

चिपाडवाला_शिवडी

बाईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त जमिनीखालचं बोलतो. डेब्रिजच्या जागेत थेट काही खायचं लावू नका. जुन्या इमारतीच्या खिडक्यांचा ऑइलपेंट वर्षानुवर्षं खरवडून तिथेच खाली पडलेला असतो. रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. शिसं मातीत राहतं आणि लहान मुलांच्या डोक्यावर, म्हणजे मेंदूवर, परिणाम करतं. त्यामुळे भिंतीलगतचे दोन-तीन फूट फुलझाडांना सोडा आणि भाजीसाठी वर उचललेले वाफे बांधा. फूटभर उंच, तीन फूट रुंद. जास्त रुंद केलात तर सहावीतल्या पोराचा हात मधोमध पोहोचत नाही आणि ते सरळ वाफ्यात उतरतं. कडेला डेब्रिजमधल्याच विटा लावा. (फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक उचलायचा मोह होईल. ते पालिकेचे आहेत, जरी कंत्राटदार तसं वागत नसला तरी.)

वाफ्याच्या तळाला कोंबडीजाळी अंथरा, घूस खालून येते. वर माती विकत आणून भरायची गरज नाही. नर्सरीतली लाल माती एकटी वापरलीत तर पावसात चिखल, उन्हात वीट. उसाच्या रसवाल्याकडे जा. मे महिन्यात त्याच्याकडे चिपाडाचे ढीग असतात आणि कोणी नेलं तर तो आभारच मानतो. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर चिपाडात भाजीपाला पिकवून दाखवला होता, तीच रीत. चिपाड रात्रभर भिजवा, वाफ्यात वीतभर दाबून घाला, त्यावर शेणकाल्याचा हात, मग वाळलेला पाला, पुन्हा चिपाड. वरच्या चार बोटांत तेवढी माती आणि कंपोस्ट. पहिले काही दिवस मुंग्या आणि चिलटं येतील, घाबरू नका, पाण्याने भरपूर भिजवत राहा. दोन महिन्यांत वाफा निम्मा बसेल, वरून पुन्हा भरा. शेण कुठून, असं विचाराल, तर देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या मावशी द्यायला तयार असतात. नाहीतर गोरेगावचे तबेले आहेतच.

तुमच्याच बाजूला पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली होती, फळझाडांसकट. पण एक फरक लक्षात घ्या. तिथे स्वयंपाकघर खालीच होतं. गावाकडच्या शाळेतही परसबागेतली भाजी थेट पोषण आहाराच्या पातेल्यात जाते. आपल्याकडे खिचडी बाहेर शिजून टेम्पोने येते, शाळेत चूलच नाही. म्हणून मुलांना जागेवर कच्चं खाता येईल असंही काही हवं. काकडी आहेच, थंडीत मुळा. आणि समुद्र मेथी. एक उथळ खोका नदीच्या वाळूने भरायचा, मेथीदाणे भिजवून दाट पेरायचे, दहा-बारा दिवसांत जुडी. पोरांना एवढाच धीर असतो.

घुशींचं मूळ बिळात नाही, उरलेल्या खिचडीत आहे. मागच्या बाजूला ती कुठे ओतली जाते ते शोधा आणि बंद करा. विष स्वतः टाकू नका, शाळा आहे. पालिकेच्या कीटकनाशक खात्याला कळवा, मूषक नियंत्रण त्यांच्याकडेच असतं. डेब्रिज हलवलंत की आणखी एक पाहुणा दिसेल, मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय. पावसात एका रात्रीत वाफा साफ करते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी पसरून ठेवा, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या असतील. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. नुसत्या हाताने कोणी उचलायची नाही, तिच्या अंगात मेंदूला बाधणारे जंतू असू शकतात.

बाकी आमच्या शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी आहे ना, ती जागा मुळात ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेची. १८६५ च्या सुमारास पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी ती दफनभूमीसाठी घेतली. आमच्या भागात बागांचं हे असं आहे.

मन्या_काळाचौकी

बाई, तुम्ही अरेतुरेच करा. काल जाऊन आलो. चावी दोन आहेत. एक मोठ्या बाईंकडे, आणि त्या कुडाळला. दुसरी शिपायाकडे, आणि तो म्हणतो ती फाटकाची नाही, संगणक कक्षाची आहे. शेवटी सुरक्षारक्षकाने पुढून आत सोडलं. मागचा नळ कोरडा आहे, व्हॉल्व्ह गच्चीवर कोणीतरी बंद केलाय. हात धुवायच्या बेसिनचं पाणी मात्र एका पाइपातून थेट त्या पट्ट्यातच पडतं आणि तिथे, विश्वास बसणार नाही, अळू आहे. हिरवंगार. म्हणजे आमच्या बाईंनी लावलेलंच असणार.

वार लावायला घेतले. पाच घरं झाली. शनिवार-रविवार कोणी घेत नाही, सगळ्यांचं माहेर, लग्न, बाजार. आणि एका काकूंनी विचारलंय की पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवलं तर डासांवरून नोटीस येईल का.

कणकवलीची_सून_लालबाग

शनिवार-रविवार पुरुषांना द्या की. घरी लोळत असतात.

मला एकच सांगायचं होतं. पहिल्या पावसानंतर त्या डेब्रिजवर आपोआप टाकळा उगवेल, हात लावेपर्यंत गुडघाभर होईल. पोरं गवत म्हणून उपटतील. उपटू देऊ नका, सगळा तरी नको. आमच्या सासूबाई कोवळा टाकळा खुडायला रेल्वेलाइनच्या कडेपर्यंत जायच्या, ओला नारळ आणि भिजवलेली डाळ घालून भाजी करायच्या. बाजारात वाटा घ्यायला गेलं तर हल्ली केवढ्याला देतात. पण वरच्या भाऊंनी शिशाचं लिहिलंय ते वाचून मी म्हणेन, डेब्रिजवरचा खाऊ नका. पिवळी फुलं येऊन शेंगा वाळू द्या, बी गोळा करा आणि पुढच्या वर्षी एका वाफ्यात टाका. टाकळा पेरताय म्हटल्यावर चाळीतल्या म्हाताऱ्या हसतील, हसू द्या. मुलांना तेवढ्यासाठी तरी आजीला घेऊन या म्हणता येईल. आमच्याकडच्या आज्यांना कुर्डू, भारंगी, फोडशी या रानभाज्या डोळे मिटून ओळखता येतात आणि नातवंडांना त्याचा पत्ताच नसतो.

निवृत्त_बाई_प्रभादेवी

कोरडा नळ आत्ता कळला, हे फार बरं झालं. व्हॉल्व्हसाठी इमारत प्रमुखांमार्फत शाळा पायाभूत सुविधा कक्षाकडे लेखी तक्रार दे आणि तिची पोचपावती जपून ठेव. बेसिनच्या पाण्याचा पाइप हलवू देऊ नकोस, कोणी दुरुस्तीला आलं तरी. त्या पाण्यावर अळूच्या शेजारी दोन केळी आणि कर्दळ लाव. साबणाचं थोडं पाणी त्यांना चालतं. शाळा बंद असताना मात्र त्या पाइपात थेंब नसतो, म्हणून पुढच्या वर्षी एप्रिल संपताना वाफे मोकळे करायचे, वीतभर वाळका पाला अंथरून झाकायचे आणि कढीपत्ता, लिंबू, शेवगा, केळी एवढ्यांनाच वारवाल्या घरांनी पाणी द्यायचं. मे महिन्यात भाजी जगवायच्या भानगडीत पडू नकोस. कढीपत्ता आणि लिंबू मुद्दाम सांगितलं, त्यांची पानं खाणाऱ्या अळ्या मारू देऊ नकोस. त्यांची फुलपाखरं होतात, आणि नशीब असेल तर लिंबावर नीलवंत येतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू, २०१५ पासून. पाचवीच्या मुलांना परिसर अभ्यासाला आयतं.

ड्रमवरून नोटीस येऊ शकते, काकूंचं बरोबर आहे. ड्रमच्या तोंडाला दाट कापड घट्ट बांध आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, घासून, कोरडा ठेव. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो, तेवढी मुदत त्याला द्यायची नाही. आणि पावसाळ्यात चिखलात कोणीही अनवाणी उतरायचं नाही, पायाला जखम असेल तर अजिबात नाही. जिथे घुशी तिथे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. गमबूटचे जोड त्या भाऊंकडून चार माग, दोन नको.

उद्यान खात्याच्या अर्जाचा माझा जुना मसुदा सापडतो का बघते, सापडला की इथे टाकते. तोवर कुडाळला फोन लावून विचार, फाटकाची खरी चावी कुठल्या खणात आहे.